सर्पविषाची प्रतिकारशक्ती माणसाला खरोखर कमावता येते का?

शिवारकर

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागात, वारणेच्या काठच्या ऊस-भाताच्या पट्ट्यात माझे गाव आहे. पावसाळा लागला की आमच्याकडे कोणाला ना कोणाला पान लागल्याची बातमी येतेच, त्यामुळे सापांविषयीच्या गप्पांना तोटा नसतो. या वर्षी मात्र एका गोष्टीने मला अस्वस्थ केले आहे. आमच्या भागातल्या एका तरुण सर्पमित्राला गेल्या काही वर्षांत नागाचे दंश एकाहून अधिक वेळा झाले. प्रत्येक वेळी तो सरकारी रुग्णालयात दाखल झाला, सर्पदंशाची लस (म्हणजे प्रतिविष) घेतली आणि बरा झाला. आता तो उघडपणे सांगतो की विष त्याच्या अंगात मुरलेले आहे आणि यापुढे नाग चावला तरी त्याला चढणार नाही. साप पकडताना स्टिक वापरणेही त्याने सोडले आहे, आणि त्याच्यामागे फिरणारी कॉलेजची पोरे हा पराक्रम मोबाईलवर चित्रित करून फिरवतात.

अमेरिकेतल्या एका माणसाने वर्षानुवर्षे स्वतःला विष टोचून घेतले आणि त्याच्या रक्तापासून शास्त्रज्ञांनी औषध तयार केले, ही मे २०२५ मधली बातमीही हा मुलगा पुरावा म्हणून दाखवतो. बातमी खोटी नाही, हे मी पडताळून पाहिले आहे. म्हणून येथील जाणकारांना विचारतो की वारंवार दंश होऊन, किंवा थोडे थोडे विष घेऊन, माणसाचे शरीर खरोखर विषाला सरावते का? आणि सरावत असेल, तर त्या मुलाला मी कोणत्या तोंडाने अडवू?

निशिगंध

प्रश्न महत्त्वाचा आहे. जुन्या कथांमधल्या विषकन्यांना लहानपणापासून अल्प मात्रेत विष पाजून वाढवीत असत, असे आपण सर्वांनीच ऐकले आहे. अफू खाणाऱ्या माणसाला काही दिवसांनी तेवढ्याच मात्रेने काही होत नाही, हे तर डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. सर्पविषाचेही तसेच होत असावे, असा माझा समज आहे. चुकत असल्यास सांगावे.

जीवरसायन

निशिगंधताई, तुमचे उदाहरण आणि सर्पविष यांची जात वेगळी आहे, आणि शिवारकरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या फरकातच आहे. अफू किंवा दारू यांचा सराव होतो तेव्हा यकृत ते द्रव्य लवकर फोडू लागते, किंवा ज्या पेशींवर ते काम करते त्या पेशी त्याला कमी प्रतिसाद देऊ लागतात. सर्पविष हे मुख्यतः प्रथिनांचे आणि पेप्टाइडांचे मिश्रण असते. ते पाजले तर अन्नातल्या इतर प्रथिनांसारखे पोटात पचून जाते, त्यामुळे सर्पविष पाजून विषकन्या घडवता येणार नाही. पण तोंडात किंवा जठरात जखम असेल तर ते रक्तात उतरू शकते, म्हणून कोणीही हा प्रयोग करू नये.

रक्तात किंवा स्नायूत विष गेले तर मात्र शरीर त्याला परके प्रथिन म्हणून ओळखते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडीज), म्हणजे त्याला चिकटून ते निकामी करणारी प्रथिने, तयार करते. ही गोष्ट नवी नाही. १८८७ मध्ये हेन्री स्यूअल यांनी मिशिगन विद्यापीठात कबुतरांना रॅटलस्नेकच्या विषाच्या वाढत्या मात्रा देऊन ती एरवी मारक ठरणारी मात्रा पचवू शकतात, हे दाखवले होते. १८९४ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी एका बाजूने आणि फिसालिक्स व बेर्त्रां या जोडीने दुसऱ्या बाजूने एक पाऊल पुढे टाकले. अशा सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्याला टोचला तर त्यालाही संरक्षण मिळते, हे त्यांनी सिद्ध केले. आज आपल्याकडे सर्पदंशावर जे प्रतिविष मिळते ते याच तत्त्वावर चालते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे घोडे पिंपरीत आहेत. अशा घोड्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष सुरुवातीला अत्यल्प आणि मग वाढत्या मात्रेत काही महिने देतात. त्यांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली की रक्त काढून ती वेगळी करतात.

म्हणजे "शरीराला विषाविरुद्ध तयार करता येते का?" या प्रश्नाचे उत्तर होय असेच आहे, आणि जे घोड्याला जमते ते माणसालाही जमते. १९६० मध्ये मेलबर्नच्या सॉल वीनर यांनी साप हाताळणाऱ्या एका माणसाला टायगर स्नेकचे विष वाढत्या मात्रेने टोचून त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. अडचण यापुढे सुरू होते, आणि ती एक नाही.

पहिली अडचण वेळेची आहे. धनुर्वाताची लस आपण घेतो तेव्हा शरीरात त्या विषाची आठवण राहते, आणि पुढे जंतू शिरला तरी त्याला वाढून विष तयार करायला काही दिवस लागतात. तेवढ्या अवधीत शरीर जुनी आठवण जागी करून नवी प्रतिपिंडे तयार करते. कुत्रा चावल्यानंतर घेतलेली रेबीजची लस उपयोगी पडते ती याच कारणाने, कारण तो विषाणू मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ घेतो. नाग चावतो तेव्हा सारे विष एका क्षणात आत जाते आणि अर्ध्या तासापासून काही तासांच्या आत श्वसनाचे स्नायू थांबू शकतात. शरीराची आठवण कितीही पक्की असली तरी तिला जागे व्हायला तीन ते पाच दिवस लागतात, तोपर्यंत माणूस राहत नाही. म्हणून दंशाच्या क्षणी रक्तात प्रतिपिंडे आधीच मुबलक फिरत असावी लागतात. माणसाच्या प्रतिपिंडांचे प्रमाण साधारण तीन आठवड्यांत निम्मे होते. याचा अर्थ असा की ज्याला हे संरक्षण हवे त्याने आयुष्यभर ठरावीक अंतराने विष टोचून घेत राहिले पाहिजे.

दुसरी अडचण अशी की सर्वांत घातक भाग शरीराला नीट दिसतच नाही. नागाच्या विषातली जी विषद्रव्ये मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला संदेश अडवतात, ती फार लहान प्रथिने आहेत, आणि एवढ्या लहान प्रथिनांविरुद्ध शरीर जोमाने प्रतिपिंडे तयार करत नाही. घोड्यांच्या बाबतीतही उत्पादकांना हाच त्रास होतो.

मियामीकर

मी गेली बरीच वर्षे फ्लोरिडात राहतो, त्यामुळे या विषयातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाविषयी लिहितो. बिल हास्ट यांचे 'मियामी सर्पेंटेरियम' हे १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि १९८४ पर्यंत चालले. प्रेक्षकांसमोर नुसत्या हातांनी नाग आणि किंग कोब्रा धरून ते विष काढत असत, आणि तेच विष संशोधनासाठी विकत असत. १९४८ पासून त्यांनी नागाचे पातळ केलेले विष स्वतःला टोचून घ्यायला सुरुवात केली, आणि पुढे त्यात इतर अनेक सापांच्या विषांची भर घातली. आयुष्यात त्यांना पावणेदोनशेच्या आसपास दंश झाले. २०११ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते वारले. जेथे योग्य प्रतिविष उपलब्ध नव्हते अशा वीसेक रुग्णांना त्यांनी आपले रक्त दिले होते, आणि त्यासाठी एकदा ते थेट व्हेनेझुएलाला गेले होते.

येथपर्यंत ऐकून शिवारकरांचा सर्पमित्र आणखी खूश होईल. म्हणून त्याला १९५४ ची गोष्टही सांगावी. त्या वर्षी हास्ट यांना मण्यार चावली, आपल्याकडे घराघरांत शिरणारी तीच साधी मण्यार. नागाच्या विषाचा सराव असल्यामुळे मण्यारीचेही काही चालणार नाही, असे समजून ते काही तास नेहमीची कामे करत राहिले. मग विष चढले, रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि प्रकृती सुधारायला अनेक दिवस गेले. त्यांच्यासाठी भारतातून मण्यारीचे प्रतिविष विमानाने मागवले होते. ते दोन दिवसांनी पोहोचले, तोवर वेळ निघून गेली होती आणि त्यांनी ते घेतले नाही. ते जगले. पण नागाच्या विषाचा सराव मण्यारीच्या विषाला पुरत नाही, हे त्यांनी स्वतःच्या शरीरावर शिकून घेतले.

त्यांचे हातही पाहण्यासारखे होते. अनेक बोटे वाकडी, आखडलेली होती आणि २००३ मध्ये मलायन पिट व्हायपरच्या दंशाने एक बोट गमवावे लागले. तोपर्यंत पाच दशकांहून अधिक काळ ते टोचून घेत होते, तरी बोट वाचले नाही.

देवगडकर

कोकणाच्या बाजूने दोन गोष्टी. आमच्याकडे फुरशी भरपूर आहेत. कातळावर, दगडाखाली, आंब्याच्या बागेत, गवताच्या भाऱ्यात ती असतात. गवत कापणाऱ्या बायकांना आणि बागायतीत राबणाऱ्या गड्यांना आयुष्यात दोन-तीनदा दंश झाल्याची उदाहरणे मला ठाऊक आहेत. त्यांच्यातही "आता मला फुरशाचे काही होत नाही" असे सांगणारी माणसे भेटतात. हे असे का वाटते, याचा विचार करायला हवा.

साप चावला तरी प्रत्येक वेळी विष टोचले जातेच असे नाही. अनेक दंश कोरडे असतात, म्हणजे दात लागतात पण विष उतरत नाही, किंवा अगदी थोडे उतरते. काल्मेत यांच्याच चरित्रातला एक प्रसंग येथे बोलका आहे. १८९१ मध्ये ते सायगावला असताना पुराच्या पाण्याने एका गावात नाग शिरले आणि किमान चाळीस माणसांना चावले. त्या काळी प्रतिविष अस्तित्वातच नव्हते. तरी मेले ते चौघे. उरलेल्यांना त्या रात्री एखाद्या मांत्रिकाने अंगारा लावला असता तर त्याची कीर्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली असती.

त्यात दिवड, धामण, तस्कर, कवड्या यांच्या दंशांची भर घाला. हे सारे बिनविषारी. कवड्याला तर अर्धा गाव मण्यार समजतो. असे चार दंश पचवलेला माणूस स्वतःला सरावलेला समजू लागला तर त्यात नवल नाही. पण त्याने पचवले काय, हेच त्याला माहीत नसते.

ग्रामीण_डॉक्टर

मी एका ग्रामीण रुग्णालयात काम करतो आणि पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण नियमाने पाहतो. देवगडकरांच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मी प्रमाणाचा हिशेब मांडतो, कारण ही गोष्ट आकड्यांनीच पटते.

आपल्याकडच्या प्रतिविषाचा एक मिलिलिटर नाग किंवा घोणस यांचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार किंवा फुरसे यांचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो, असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, आणि हे प्रमाण ५ पासून १४७ मिलिग्रॅमपर्यंत बदलते. म्हणूनच उपचार सुरू करताना आम्ही आठ ते दहा व्हायल, म्हणजे शंभर मिलिलिटरपर्यंत प्रतिविष लावतो, आणि रक्त गोठत नसेल तर पुन्हा देतो. हे शंभर मिलिलिटर म्हणजे महिनोन्‌महिने विष टोचून तयार केलेल्या घोड्यांच्या रक्तातून काढलेला, शुद्ध केलेला, घट्ट केलेला अर्क असतो. दोन-तीन दंश झालेल्या माणसाच्या अंगात एवढ्या ताकदीचा साठा असेल, ही अपेक्षाच करता येत नाही. शिवाय त्या मुलाला प्रत्येक वेळी प्रतिविष दिले गेले, म्हणजे त्याच्या अंगातले बरेचसे विष घोड्याच्या प्रतिपिंडांनी परस्पर संपवले. तो वाचला त्याचे श्रेय पिंपरीच्या किंवा अन्य कुठल्या तरी घोड्याला आहे.

आता जास्त गंभीर गोष्ट. वारंवार विषाशी संबंध आल्याने शरीर दर वेळी संरक्षणाच्याच दिशेने जाते असे नाही. काही जणांत ते उलट दिशेने जाते आणि विषाची अॅलर्जी तयार होते. नेहमी साप हाताळणाऱ्या लोकांत हे आढळलेले आहे. सुकलेल्या विषाचे कण श्वासावाटे जाऊनही असे होऊ शकते. अशा माणसाला पुढचा दंश झाला तर विष चढण्याआधीच, काही मिनिटांत, अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो आणि रुग्णालयाच्या वाटेवरच तो दगावू शकतो. एरवी जो दंश वेळेवर उपचार मिळून बरा झाला असता तोच जिवावर बेततो. शिवारकर, तुमच्या त्या तरुणाला पुढच्या दंशाने काय होईल, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. तो सरावला आहे असे गृहीत धरण्यापेक्षा त्याला अॅलर्जी झाली असेल असे गृहीत धरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

अरण्यवाचक

वरच्या सर्व प्रतिसादांचा आदर राखून एक प्रश्न विचारतो. टिम फ्रीडी या अमेरिकी गृहस्थाने जवळजवळ अठरा वर्षे स्वतःला विष टोचून घेतले, आठशेहून अधिक मात्रा घेतल्या, ब्लॅक माम्बासारख्या सापांकडून मुद्दाम चावून घेतले आणि तो आजही जिवंत आहे. 'सेल' या नियतकालिकात त्याच्या प्रतिपिंडांवरचा शोधनिबंध आला. मग प्रतिकारशक्ती कमावता येत नाही, असे म्हणणे हा वैद्यकीय क्षेत्राचा अतिसावधपणा नाही का? शेतकऱ्यांना आणि सर्पमित्रांना आधीच प्रतिबंधक लस का देऊ नये?

जीवरसायन

प्रतिकारशक्ती येतच नाही, असे येथे कोणीही म्हटलेले नाही. फ्रीडी यांचे उदाहरण मात्र पूर्ण वाचायला हवे.

त्यांनी टोचून घ्यायला सुरुवात केल्यानंतर, २००१ मध्ये, त्यांना तासाभराच्या अंतराने दोन नाग चावले, एक इजिप्शियन आणि दुसरा मोनोकल्ड. टोचून घेतलेले असूनही ते चार दिवस कोमात होते. त्यानंतर त्यांनी जे साध्य केले ते असामान्य आहे, यात शंका नाही, पण ते शेकडो मात्रांनंतर आणि एका विशिष्ट गटाच्या सापांपुरते. त्यांच्या रक्तातून जेकब ग्लॅनव्हिल आणि कोलंबिया विद्यापीठाचे पीटर क्वाँग यांच्या गटाने दोन प्रतिपिंडे वेगळी केली, त्यात व्हॅरेस्प्लॅडिब हे रासायनिक औषध मिसळले आणि ते मिश्रण उंदरांवर तपासले. एकोणीस सापांपैकी तेरांच्या विषापासून पूर्ण आणि सहांच्या विषापासून अंशतः संरक्षण मिळाले. हे एकोणीसही साप नाग, मण्यार, माम्बा यांच्या कुळातले आहेत. घोणस आणि फुरसे वेगळ्या कुळातले असल्यामुळे त्यांच्यावर हे मिश्रण लागू नाही, आणि महाराष्ट्रातल्या शेतात या दोघांना विसरून चालणार नाही. घोणशीचे विष रक्त गोठवणाऱ्या घटकांनाच एकदम कामाला लावून संपवून टाकते, मग रक्त गोठत नाही आणि मूत्रपिंडेही निकामी होतात. नागाच्या विषाविरुद्धची प्रतिपिंडे तेथे काय करणार? काल्मेत यांनाही सुरुवातीला आपले नागाचे प्रतिविष सर्व सापांवर चालेल असे वाटले होते. भारतातल्या सापांवर जॉर्ज लँब यांनी आणि ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील यांनी केलेल्या कामांतून ते खोटे ठरले.

दुसरे असे की या शोधाचा खरा लाभार्थी फ्रीडी नव्हेत, पुढचा रुग्ण आहे. वेगळी केलेली प्रतिपिंडे आता फ्रीडींच्या शरीराशिवाय प्रयोगशाळेत तयार करता येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे कार्तिक सुनगर आणि अमेरिकेतील स्क्रिप्स संस्था यांनी मिळून असेच एक प्रतिपिंड प्रसिद्ध केले, आणि त्यासाठी कोणालाही विष टोचावे लागले नाही. कृत्रिम प्रतिपिंडांच्या संग्रहातून त्यांनी ते निवडून काढले. हौशी माणसाने स्वतःवर प्रयोग करण्याचे शास्त्रीय कारणही आता उरलेले नाही.

लसीचा प्रश्न मात्र रास्त आहे आणि तो विचारला गेला नव्हता असे नाही. जपानच्या अमामी आणि ओकिनावा बेटांवर हाबू नावाचा विषारी साप आहे. तेथे १९६० च्या दशकात त्याचे विष निरुपद्रवी करून हजारो रहिवाशांना टोचले गेले. प्रतिपिंडे तयार झाली, पण पुरेशी नाहीत आणि टिकाऊ नाहीत, आणि दंशानंतरचे उपचार टळले नाहीत. प्रयोग मागे पडला. विदर्भातल्या एका गावापुरता विचार करा. चार सापांविरुद्धची लस, दर काही महिन्यांनी पुन्हा मात्रा, ती घेतलेल्यांपैकी दंश होणारे मोजके, आणि त्यांनाही शेवटी रुग्णालय चुकत नाही. तेवढ्याच पैशात प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष आणि ते द्यायला तयार असलेला डॉक्टर ठेवता येतो. माझे मत येथे स्पष्ट आहे.

आणखी एक नोंद सांगून थांबतो. इक्वेडोरच्या जंगलातील वाओरानी या आदिवासी समाजात सर्पदंश इतके होत की बहुतेकांना आयुष्यात कधी तरी साप चावलेला असे, काहींना अनेकदा. १९८१ मध्ये त्यांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली तेव्हा बहुसंख्यांच्या रक्तात सर्पविषाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. तरीही सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंचे त्या समाजातले प्रमाण जगात नोंदलेल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. निसर्गाने पिढ्यान्‌पिढ्या केलेला हा प्रयोग अरण्यवाचक यांनी जरूर विचारात घ्यावा.

अरण्यवाचक

वाओरानींची नोंद मला ठाऊक नव्हती. लसीविषयीचा आग्रह मी मागे घेत नाही, पण ती सर्पमित्राने स्वतःच्या घरात तयार करण्याची गोष्ट नाही, हे मान्य.

निशिगंध

मग मुंगसाचे काय? मुंगूस नागाशी झुंजते आणि नंतर मुंगूसवेल खाऊन विष उतरवते, असे माझे आजोबा सांगत.

जीवरसायन

मुंगसाला वेलीची गरज पडत नाही. नागाचे विषद्रव्य स्नायूंवरच्या ज्या ग्राहकाला (मज्जातंतूचा संदेश झेलणाऱ्या रिसेप्टरला) चिकटते, त्या ग्राहकाची रचनाच मुंगसात थोडी बदललेली आहे. तेथे साखरेचे रेणू जोडलेले असतात आणि विषाला बसायला जागा मिळत नाही. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी हे १९९० च्या दशकात दाखवले. डुक्कर, साळिंदरासारखे काटे अंगावर वागवणारा जाहक आणि आफ्रिकेतला हनी बॅजर यांच्यातही त्याच ठिकाणी वेगळ्या प्रकारचा बदल २०१५ मध्ये आढळला. हे संरक्षण जन्मजात आहे, लाखो वर्षांच्या निवडीतून आलेले आहे, आणि तेही अमर्याद नाही. मोठी मात्रा मिळाली तर मुंगूसही मरते. मुळात ते चपळाईने दंश चुकवते आणि अंगावरच्या फुगलेल्या केसांमुळे सापाचे दात बहुधा कातडीपर्यंत पोहोचत नाहीत. एका आयुष्यात सराव करून स्नायूंवरचे ग्राहक बदलत नाहीत.

देवगडकर

आमच्याकडे मण्यारीला कांडर म्हणतात आणि तिच्याविषयी नागापेक्षाही जास्त धास्ती आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, चावल्याचे कळत नाही, पहाटे पोटात दुखते म्हणून माणूस उठतो आणि घरचे त्याला ओवा देतात. सरावाच्या चर्चेत ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण दंश झाला हेच ज्याला कळले नाही तो आपल्या प्रतिकारशक्तीची परीक्षा तरी कधी घेणार?

ग्रामीण_डॉक्टर

अगदी बरोबर. मण्यारीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तिचे विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करते, आणि एकदा ती इजा झाली की रक्तात कितीही प्रतिपिंडे आली तरी टोके नव्याने वाढेपर्यंत रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवण्याखेरीज इलाज नसतो. पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे, गिळता न येणे यांपैकी काहीही दिसले तर दंशाची खूण शोधत बसू नये, थेट १०८ ला फोन करावा.

शिवारकर

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी त्या मुलाशी आणि त्याच्या आईशी बोललो. हास्ट यांच्या मण्यारीच्या दंशाची गोष्ट त्याला सर्वांत जास्त लागली, कारण आमच्याकडे तो नागाइतक्याच मण्यारीही पकडतो. स्टिक पुन्हा वापरण्याचे त्याने कबूल केले आहे, ते किती टिकते ते पाहू. आईने मात्र एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही. मागच्या दंशांच्या वेळी जी लस दिली, तिचा काही अंश अजून अंगात शिल्लक असेल का, आणि पुढे पुन्हा दंश झाला तर तीच लस त्याला चालेल का?

ग्रामीण_डॉक्टर

त्या माउलीला सांगा की शिल्लक काहीही नसते. घोड्याच्या प्रतिपिंडांचे हे तुकडे शरीरातून काही दिवसांत कमी होऊ लागतात आणि काही आठवड्यांत त्यांचा उपयोग संपतो. लस पुन्हा चालेल, आणि विष चढल्याची लक्षणे असतील तर ती द्यावीच लागेल, कारण दुसरा पर्याय नाही. मात्र घोड्याच्या प्रथिनांशी शरीराची ओळख आधी झालेली असल्यामुळे रिअॅक्शन येण्याची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त असते. म्हणून रुग्णालयात पाऊल ठेवताच "याआधी लस घेतलेली आहे, अमुक वर्षी घेतली, तेव्हा अंगावर गांधी आल्या होत्या किंवा नव्हत्या" हे डॉक्टरांना सांगावे, म्हणजे अॅड्रिनलिनचे इंजेक्शन हाताशी भरून ठेवूनच ते सलाईन लावतील. मागच्या वेळची डिस्चार्जची कागदपत्रे घरात असतील तर त्यांचे फोटो काढून त्या मुलाच्या आणि आईच्या मोबाईलमध्ये ठेवायला सांगा. पुढच्या वेळी तो बोलण्याच्या अवस्थेत असेलच असे नाही.